आधी केमिस्ट्री, ॲनाटॉमी नंतर

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला राहतो. मुलगी इथेच जन्मलेली, जूनमध्ये तिचं हायस्कूल संपलं. यूसी डेव्हिसला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला) बायोलॉजीसाठी प्रवेश मिळाला नाही आणि खासगी युनिव्हर्सिटीचा खर्च आम्हाला झेपणार नाही, म्हणून तिने घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) नाव घातलं आहे. 'हेल्थमध्ये काहीतरी करायचंय' एवढंच म्हणते. कधी डॉक्टर, कधी नर्सिंग. पहिल्या सेमिस्टरला ह्यूमन ॲनाटॉमी, सायकॉलॉजी, न्यूट्रिशन, हेल्थ आणि इंग्लिश मिळून १७ युनिट (श्रेयांक) घेतले आहेत. केमिस्ट्री जड जाते म्हणून ती पुढच्या वर्षावर टाकली आहे. एपी बायोलॉजीत (हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत) ४ आले, मग कॉलेजचं बायोलॉजी सुटेल का? अकरावीत असताना तिने एका कॉलेजचा ऑनलाइन क्लास घेतला होता, तो कंटाळून अर्ध्यावर सोडला. पुण्याला नणंदेचा मुलगा नीट देऊन एमबीबीएसला लागला आणि मंडळात भेटेल तो विचारतो, 'हिला कुठे मिळालं?' कम्युनिटी कॉलेजमुळे मेडिकलचं दार बंद होतं का? दोन वर्षांत डेव्हिसला जाता येईल? मी कौन्सेलरला फोन केला तर ते माझ्याशी बोलायलाच तयार नाहीत.

उत्तर: ताई, आधी वेळापत्रकाचं बघू, कारण त्याला मुदत आहे. सेमिस्टर ऑगस्टच्या अखेरीस सुरू होईल आणि जनरल केमिस्ट्रीच्या लॅबच्या जागा त्याच्या कितीतरी आधी भरतात. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण लेकीला आज संध्याकाळीच केमिस्ट्रीचे कोणते सेक्शन अजून उघडे आहेत ते बघायला सांगा. उघडा नसेल तर वेटलिस्टवर नाव घालू दे आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहू दे. पहिल्या लॅबला न आलेल्यांची नावं शिक्षक काढतात आणि त्या जागा वेटलिस्टवरच्या मुलांना देतात. नाव वेटलिस्टवर आहे पण मुलगी घरी, असं झालं तर जागा गेली.

एवढी घाई कशासाठी, ते सांगतो. बायोलॉजी मेजर (मुख्य विषय) धरून यूसीत जायचं तर ट्रान्सफरआधी, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून तिथे जाण्याआधी, करायचे विषय जवळपास ठरलेले आहेत: जनरल केमिस्ट्री एक वर्ष, त्यानंतर ऑरगॅनिक केमिस्ट्री, मेजरवाल्यांची बायोलॉजी एक वर्ष, कॅल्क्युलस आणि बऱ्याच ठिकाणी फिजिक्स. गणित, इंग्लिश, बायोलॉजी एकमेकांच्या शेजारी बसवता येतात. केमिस्ट्रीचं तसं नाही. पहिली झाल्याशिवाय दुसरी मिळत नाही, दुसरी झाल्याशिवाय ऑरगॅनिकचा पहिला भाग मिळत नाही. एकामागून एक चार सेमिस्टर लागतात आणि दोन वर्षांत सेमिस्टर चारच असतात. त्यात बऱ्याच कॉलेजांत ऑरगॅनिकचा पहिला भाग फक्त फॉलमध्ये (ऑगस्टच्या सेमिस्टरला) आणि दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये (त्याच्या पुढच्या सेमिस्टरला) असतो. म्हणून केमिस्ट्रीचं एक सेमिस्टर हुकलं की नुकसान सहा महिन्यांचं होत नाही, वर्षाचं होतं. मेजरच्या बायोलॉजीतल्या पेशी आणि रेणूंच्या कोर्सलाही बहुतेक ठिकाणी जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग आधी झालेला लागतो. लेकीने केमिस्ट्री पुढच्या वर्षावर टाकली, तेव्हा तिच्या नकळत बायोलॉजीही पुढच्या वर्षावर गेली.

आपल्याकडे अकरावीला सायन्सला प्रवेश घेतला आणि पीसीबी निवडली की पुढचं ताट वाढून समोर येतं. विषय, तुकडी, प्रॅक्टिकलची बॅच, सगळं कॉलेज ठरवतं. इथे तसं कुणी ठरवत नाही. ट्रान्सफरला उपयोग नसलेले १७ युनिट घेतले तरी नोंदणीची यंत्रणा हरकत घेत नाही, फी घेऊन मोकळी होते. चूक लक्षात येते दीड वर्षाने, अर्ज भरायला बसल्यावर.

ॲनाटॉमी वाईट विषय नाही, पण तो दुसऱ्या रस्त्यावरचा आहे. कम्युनिटी कॉलेजची ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी ही नर्सिंग आणि त्यासारख्या अभ्यासक्रमांची तयारी. यूसी ते युनिट स्वीकारते, पण बायोलॉजी मेजरच्या तयारीत सहसा मोजत नाही. तसेच 'मेजर नसलेल्यांसाठी' असलेलं बायोलॉजी आणि आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांसाठीची सोपी केमिस्ट्री. नावं सारखी दिसतात, म्हणून कोर्सच्या वर्णनातली पहिली ओळ वाचायची सवय लावा. तिथे 'सायन्स मेजरसाठी' असं असेल तरच तो तिच्या कामाचा.

आता 'केमिस्ट्री जड जाते' याचं काय करायचं? किती जड जाते ते घरी मोजा. तिला कागद, कॅल्क्युलेटर आणि पिरिऑडिक टेबल द्या, फोन बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांत दोन गणितं करायला सांगा. पहिलं: १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवून पूर्ण विघटन केलं तर किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघेल? दुसरं: ०.१० मोलर ताकदीचं २५० मिलिलिटर मिठाचं द्रावण करायला किती ग्रॅम सोडियम क्लोराइड लागेल? पहिल्याचं उत्तर ४.४ ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटचा एक मोल १०० ग्रॅमचा, म्हणून १० ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, आणि कार्बन डायऑक्साइडचा मोल ४४ ग्रॅमचा. दुसऱ्याचं उत्तर १.४६ ग्रॅम. पाव लिटरमध्ये ०.०२५ मोल हवेत आणि मिठाचा मोल ५८.४४ ग्रॅमचा.

आकडेमोडीत चुकली तर काळजी नको. मांडणी जमली का, तेवढं पाहा. ग्रॅमवरून मोलवर आणि मोलवरून पुन्हा ग्रॅमवर ती न अडखळता जात असेल, तर तिने सरळ जनरल केमिस्ट्रीला बसावं. मोल म्हणजे काय इथेच अडली, तर फॉलमध्ये प्राथमिक केमिस्ट्रीचा एक सेमिस्टरचा कोर्स घ्यावा आणि स्प्रिंगला जनरल सुरू करावी. यात उशीर होतो, पण कच्च्या पायावर जनरलला बसून 'सी' पदरात पाडून घेण्यापेक्षा हे शंभरपट बरं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत 'सी' किंवा त्याहून वरची ग्रेड मिळाली की तो कोर्स ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. डी, एफ (नापास) किंवा डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) असेल तर घेता येतो, तोही साधारणपणे एकूण तीनच वेळा. म्हणजे घट्ट चिकटून बसणारी ग्रेड 'सी'च. सेमिस्टरच्या मध्यावर गाडी 'सी'कडे चालली आहे असं दिसलं तर डब्ल्यूची शेवटची तारीख कोणती आणि तोवर सुधारणा शक्य आहे का, हा हिशेब तिने शिक्षकांसमोर बसून करावा. एखाददुसऱ्या डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही. मात्र त्यांची रांग लागली तर अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते, आणि केमिस्ट्रीच्या साखळीतला डब्ल्यू म्हणजे पुन्हा सेमिस्टरचा उशीर.

१७ युनिटही नकोत. एका युनिटमागे सेमिस्टरभरात साधारण ५४ तासांचं काम धरलेलं असतं, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. ५ युनिटची केमिस्ट्री, ५ युनिटचं गणित आणि ४ युनिटचं इंग्लिश असे १४ युनिट झाले तर ७५६ तास. सेमिस्टर १६ आठवड्यांचं असेल तर आठवड्याला ४७ तास. तुमच्या ऑफिसपेक्षा जास्तच. केमिस्ट्रीच्या ५ युनिटमध्ये बऱ्याचदा ३ तास लेक्चर आणि ६ तास लॅब असते, शिवाय लॅबचा अहवाल घरी लिहायचा. आमच्या मते तिचं पहिलं सेमिस्टर असं असावं: केमिस्ट्री, गणितात जी पायरी लागू असेल ती, आणि इंग्लिश. बस्स. सायकॉलॉजी उन्हाळ्यात किंवा दुसऱ्या वर्षी कुठेही बसते. न्यूट्रिशन आणि हेल्थ तूर्त काढून टाका. एका सेमिस्टरला दोनपेक्षा जास्त लॅबचे विषय कधीच घेऊ नयेत. एकाच आठवड्यात दोन लॅब रिपोर्ट आणि एक मिडटर्म आली की हुशार मुलंही घसरतात.

लॅबबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ग्रेड जातात त्या तिथेच. टायट्रेशनचंच बघा, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्याची ताकद मोजणं. ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी) भरल्यावर नळीच्या टोकाशी, तोटीच्या खाली, हवेचा बुडबुडा राहतो. तो तसाच ठेवून पहिलं माप लिहिलं की टायट्रेशन चालू असताना तो निसटतो, आणि जितकी त्याची जागा तितकं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच 'वापरलं गेलं' असं दिसतं. आधी थोडं द्रावण जोरात सोडून बुडबुडा घालवायचा आणि मगच माप घ्यायचं, डोळा द्रवाच्या वक्र पातळीच्या समोर आणून, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा रंग फिका गुलाबी हवा, हलवल्यावरही निदान अर्धा मिनिट टिकणारा. गडद गुलाबी झालं म्हणजे थेंब जास्त गेले. तीन टायट्रेशनची मापं एकमेकांशी जुळली नाहीत तर अहवाल कितीही सुबक लिहा, गुण जातात.

आता दुसरा रस्ता, नर्सिंग. लेकीचं मन खरोखर तिकडे असेल तर तिने घेतलेली ॲनाटॉमी अगदी योग्य आहे आणि वरचं बरंचसं लागू होत नाही. म्हणून हा निर्णय 'पुढे बघू' म्हणून ठेवता येत नाही. कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग पदवीसाठी आधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि इंग्लिश करावं लागतं. मग टीज ही प्रवेश परीक्षा, तिची किमान रेषा सहसा ६२ टक्क्यांची. पण जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळे किमान पात्रतेवर भिस्त ठेवू नका. सायन्सच्या ग्रेड 'ए'च्या जवळ हव्यात. तिथली पदवी घेऊन एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा पास झाली की ती रजिस्टर्ड नर्स होते. परवाना तोच, जो चार वर्षांच्या बीएसएनवाल्यांना (नर्सिंगच्या बॅचलर पदवीवाल्यांना) मिळतो. बीएसएन पुढे नोकरी करता करता पूर्ण करता येते. आपल्या लोकांना हा रस्ता दुय्यम वाटतो. तो मुळीच दुय्यम नाही.

कोणता रस्ता आपला, हे ओळखायला चर्चेपेक्षा प्रत्यक्ष काम बरं. कॅलिफोर्नियात सर्टिफाइड नर्स असिस्टंटचं शिक्षण निदान १६० तासांचं असतं: ६० तास वर्ग आणि १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. अंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण भरवणं, नाडी आणि रक्तदाब बघणं. पुढच्या उन्हाळ्यात तिने हे करावं. त्या १०० तासांत तिला स्वतःबद्दल जे कळेल ते तुम्ही आणि आम्ही मिळून सांगू शकणार नाही. डॉक्टर व्हायचं ठरलं तरी हा अनुभव मेडिकलच्या अर्जात वजनदार ठरतो.

नर्सिंगच्या वाटेवर मुलं बऱ्याचदा मायक्रोबायोलॉजीत अडतात. तिथे सेमिस्टरच्या शेवटी एक अनोळखी जिवाणू हातात देतात आणि तो कोणता हे शोधून काढायला सांगतात. पहिली पायरी ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखणं. काचपट्टीवर पाण्याचा छोटा थेंब, त्यात वसाहतीतला टाचणीच्या टोकाएवढा अंश, पातळ पसरवायचा. हवेत पूर्ण वाळू द्यायचा, मग ज्योतीवरून दोन-तीनदा पटकन फिरवायचा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी. आयोडीन एक मिनिट, पाणी. मग अल्कोहोल, थेंब थेंब, खाली ओघळणारा जांभळा रंग थांबेपर्यंतच. हे दहा-पंधरा सेकंदांचं काम, आणि लगेच पाणी. शेवटी सॅफ्रॅनिन एक मिनिट. गडबड होते ती अल्कोहोलच्या पायरीला. पाच-दहा सेकंद जास्त गेले की ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंचाही जांभळा रंग निघून जातो आणि ते गुलाबी दिसतात. थर जाड असेल तर उलटं, ग्रॅम निगेटिव्हही जांभळे राहतात. कल्चर (वाढवलेले जिवाणू) दोन-तीन दिवसांचं जुनं असेल तर पेशीभित्तिका कमकुवत झालेली असते आणि पॉझिटिव्ह असूनही गुलाबी येतं. इथे चूक झाली की पुढच्या सगळ्या चाचण्या चुकीच्या फांदीवर जातात. उपाय सोपा आहे. त्याच काचपट्टीवर दोन टोकांना ओळखीचे नमुने लावायचे, स्टॅफिलोकॉकस आणि ई. कोलाय. पहिले जांभळे गोल आणि दुसऱ्या गुलाबी दांड्या दिसल्या तरच मधल्या नमुन्यावर विश्वास ठेवायचा.

डेव्हिसचं बघू. लेकीने असिस्ट डॉट ओआरजी हे संकेतस्थळ उघडावं. कॅलिफोर्नियातल्या सार्वजनिक कॉलेजांमध्ये कुठला कोर्स कुठे चालतो याची अधिकृत नोंद तिथेच असते. वर्ष, आपलं कॉलेज, मग यूसी डेव्हिस आणि मेजर निवडलं की एका बाजूला डेव्हिसचा कोर्स आणि समोर आपल्या कॉलेजचा कोर्स दिसतो. दोन गोष्टी नीट बघायच्या. दोन कोर्सच्या मध्ये 'अँड' असेल तर दोन्ही झाल्याशिवाय एकाचंही श्रेय मिळत नाही. आणि समोर 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असेल तर तो विषय आपल्या कॉलेजात नाही, दुसरीकडे शोधावा लागेल. फक्त डेव्हिस बघू नका. सॅन डिएगो, अर्व्हाइन, सांता क्रूझ यांची पानंही काढून शेजारी ठेवा. ऑरगॅनिक आणि फिजिक्स कुठे आवश्यक आहे आणि कुठे नुसतं सुचवलेलं आहे, हे कॅम्पसगणिक बदलतं.

तुमच्या भागात आणखी एक धोका आहे. कूपरटिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल क्वार्टर पद्धतीवर (सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांवर) चालतात. तुमच्या लेकीचं कॉलेज सेमिस्टरवर आहे. सेमिस्टरची जनरल केमिस्ट्री दोन भागांत संपते, क्वार्टरची तीन भागांत. इथे पहिला भाग करून 'तिथे जागा आहे' म्हणून दुसरा भाग क्वार्टरच्या कॉलेजात केला, तर मधला तुकडा गळतो आणि साखळी जुळत नाही. इंग्लिश किंवा इतिहास कुठेही करा. केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स आणि मेजरची बायोलॉजी मात्र ज्या कॉलेजात सुरू केली तिथेच संपवा.

दोन वर्षांत होईल का? होऊ शकतं, पण अर्जाचं कॅलेंडर समजून घ्या. ज्या फॉलला डेव्हिसला जायचं, त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यूसीचा अर्ज जातो. म्हणजे दोन वर्षांत जायचं असेल तर अर्ज भरताना तिच्या हातात पहिल्या वर्षाच्याच ग्रेड असतील. त्यातही डेव्हिससाठी टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, मागायची असेल तर तो अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्ये. टॅग सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. मागता येतो एकाच ठिकाणी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. प्रत्येक कॅम्पसची जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) आणि विषयांची अट वेगळी असते, आणि हमीसाठी नेमलेला एखादा विषय वेळेत झाला नाही तर हमी गेली. फॉलच्या ग्रेड लागल्या की जानेवारीत अर्जात त्या भरून माहिती अद्ययावत करायची असते. हे विसरल्यामुळे चांगले अर्ज बाद होतात.

यूसीची किमान रेषा कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांसाठी ६० सेमिस्टर युनिट आणि २.४ जीपीए आहे. ती नुसती उंबरठ्याची उंची. बायोलॉजीसाठी बरंच वर असावं लागतं. सामान्य विषयांसाठी २०२५च्या फॉलपासून कॅल-जेट्सी हा ३४ युनिटचा साचा लागू झाला आहे. तो पूर्ण करण्याच्या नादात मुलं केमिस्ट्री मागे टाकतात. सायन्स मेजरला उलटा क्रम हवा: मेजरचे विषय आधी, उरलेल्या जागेत सामान्य विषय. आणि प्राथमिक केमिस्ट्रीपासून सुरुवात करावी लागली तर अडीच-तीन वर्षं लागतील, असं आताच घरात मोकळेपणी बोलून ठेवा. बायोलॉजीवाल्या पुष्कळ मुलांना तेवढी लागतात. एका युनिटची फी ४६ डॉलर आहे. १४ युनिटचे ६४४ डॉलर. तिसऱ्या वर्षाने तुमचं दिवाळं निघणार नाही. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून ही फीसुद्धा माफ होते. ती नागरिक आहे, तेव्हा फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भराच. पुस्तकांसाठी वेळापत्रकात 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट'ची खूण असलेले सेक्शन शोधा.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी मध्येच एक गोष्ट. मुलं एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असतील तर फाफ्सा लागू होत नाही, पण कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून ४६ डॉलरची फी मिळू शकते. एक वर्ष आणि एक दिवसाच्या वास्तव्याचे कागद दाखवावे लागतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर मात्र बाहेरच्यांची फी लागते. २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो, आणि तीन वर्षांची आखणी करताना ही तारीख आधी मांडा. वकिलाला विचारायची वेळ विसाव्या वर्षाची नाही, अठराव्या वर्षाची आहे.

मेडिकलचं दार बंद होत नाही. काही मेडिकल स्कूल्सना मूळ विषय चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत केलेले जास्त आवडतात, हे खरं आहे. त्यावरचा इलाज तेच विषय डेव्हिसला पुन्हा करणं हा नाही, कारण झालेल्या कोर्सचे युनिट यूसी दुसऱ्यांदा देत नाही. इलाज असा की तिथे गेल्यावर बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी असे वरच्या पातळीचे विषय घेऊन चांगल्या ग्रेड आणायच्या. इथे ए आणि तिथेही ए दिसला की कम्युनिटी कॉलेजचा प्रश्न कुणी काढत नाही. इथे ए आणि तिथे सी दिसला तर मात्र काढतात. म्हणून डेव्हिसच्या पहिल्या क्वार्टरला तिने तीन सायन्स एकदम घेऊ नयेत. दहा आठवड्यांचं क्वार्टर सेमिस्टरच्या सवयीच्या मुलांना फार वेगवान वाटतं.

एपी बायोलॉजीच्या ४ चे युनिट यूसी देईल. पण मेजरच्या बायोलॉजीच्या जागी तो धरला जाईल का, हे मेजरवर अवलंबून आहे, आणि कित्येक मेडिकल स्कूल्सना लॅबसकट कॉलेजची बायोलॉजी हवी असते. कोर्स सोडू नका. एपीचा निकाल अर्जात नोंदवा आणि बायोलॉजी पुन्हा पूर्ण ताकदीने करा.

कौन्सेलर तुमच्याशी बोलले नाहीत यात उद्धटपणा नाही. मुलगी कॉलेजात गेली की फर्पा कायद्याप्रमाणे तिच्या नोंदींचा हक्क तिचा असतो. तिच्या लेखी परवानगीशिवाय ते सहसा आईशीही बोलत नाहीत. अपॉइंटमेंट तिने घ्यावी, आणि साध्या कौन्सेलरऐवजी ट्रान्सफरचं किंवा सायन्सचं काम बघणाऱ्या कौन्सेलरची घ्यावी. अर्ध्या तासाची भेट 'मी काय घेऊ?' यावर संपून जाते, म्हणून असिस्टची चार पानं छापून न्यावीत, चार सेमिस्टरचा कच्चा आराखडा स्वतः लिहून न्यावा आणि विचारावं, 'यात काय चुकलंय?' निघताना पूर्ण एज्युकेशन प्लॅन नोंदवून घ्यावा. ओरिएंटेशन आणि हा प्लॅन झालेल्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख लवकरची मिळते, आणि लॅबच्या जागा लवकर येणाऱ्यांनाच मिळतात.

शेवटची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण आम्हाला तीच सगळ्यात जास्त खटकली. अकरावीत अर्ध्यावर सोडलेला ऑनलाइन क्लास. लॉगइन करणं बंद केलं म्हणजे नाव निघालं असं होत नाही; कोर्स रीतसर ड्रॉप करण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची असते. तसं केलं नसेल तर त्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) एफ असण्याची दाट शक्यता आहे. हायस्कूलमध्ये असताना घेतलेला असला तरी तो कॉलेजचाच कोर्स. यूसीच्या अर्जात तो दाखवावा लागतो, लपवला तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. मेडिकलच्या अर्जातही प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं. याच आठवड्यात तिने त्या कॉलेजच्या पोर्टलवरून अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट काढावं. डब्ल्यू असेल तर विषय मिटला. एफ असेल तर तोच कोर्स त्याच कॉलेजात पुन्हा घेऊन चांगल्या ग्रेडने पूर्ण करता येतो; यूसी जीपीए काढताना नवी ग्रेड धरते. मेडिकलच्या अर्जात मात्र दोन्ही मोजल्या जातात. हा कोर्स पुढच्या उन्हाळ्यात, नर्स असिस्टंटच्या वर्गाशी वेळ जुळवून करावा, म्हणजे त्यानंतरच्या सप्टेंबरात टॅगचा अर्ज भरताना जुना एफ जीपीए खाली ओढणार नाही.